एकाच ताटलीतला उतारा

सरवदे मॅडमच्या खोलीत शिरायचं असेल तर आधी हात हुंगू द्यावे लागत. दारात उभ्या राहून त्या म्हणायच्या, "हात दाखवा, सर," आणि आपण हात पुढे केले की वाकून वास घ्यायच्या. पावडर, अत्तर, क्रीम, डोक्याचं तेल, कशाचाही वास आला की "साध्या साबणानं धुऊन या," आणि दार बंद. बारामतीतल्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो, त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. दोघांच्याही वयाला न शोभणारा हा प्रकार पोरांसमोर व्हायचा. एकदा तर त्यांनी प्राचार्यांनाच परत पाठवलं, कारण साहेब नुकतीच दाढी करून आफ्टरशेव्ह लावून आले होते. साहेब हसत परत गेले, पण ते हसू मी जवळून पाहिलं होतं आणि ते मला काही आवडलं नाही.

खोली म्हणजे जिन्याखालची जुनी अडगळ. तिथली मोडकी बाकं बाहेर काढून, भिंतींना स्वतः चुना लावून मॅडमनी ती राहती केली होती. राहत होत्या त्यात माणसाच्या त्वचेच्या पेशी. पुण्याच्या एका संस्थेतून आणलेल्या या पेशी चपट्या बाटल्यांमध्ये, गुलाबी रंगाच्या पातळ खाद्यात, माणसाच्या अंगाइतक्या उबेत वाढायच्या. त्यांना वेळच्या वेळी खायला घालावं लागतं. रविवार असो, दिवाळी असो, संस्थाध्यक्षांचा वाढदिवस असो. गणपतीच्या सुट्टीत सगळं कॉलेज ओस पडलेलं असताना जिन्याखाली तेवढा दिवा असायचा. मी एकदा विचारलं, "मॅडम, एक रविवार राहिलं तर काय होईल?" त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी जनावरं ठेवली असती तर हे विचारलं नसतं." सुप्याजवळच्या आमच्या घरी जनावरं होती, पण ते मी बोललो नाही.

त्यांचा प्रश्न तसा सरळ होता. क्रीम, शांपू, फेसवॉश बाथरूमच्या ओलीत महिनोन्महिने राहूनही नासत नाहीत, कारण त्यात टिकवणारं रसायन घातलेलं असतं. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात ते. त्यातली काही हळूहळू फॉर्मॅल्डिहाइड सोडतात, म्हणजे प्राणिशास्त्राच्या बरण्यांत जुने बेडूक ज्यात बुडवून ठेवलेले असतात तेच. ते बुरशी आणि जंतू मारतं, आणि मात्रा वाढली की त्वचेच्या पेशींनाही सोडत नाही. तर झाडापाल्यातलं काही या पेशींना वाचवू शकतं का, हे मॅडमना बघायचं होतं. त्यांनी घेतली डाळिंबाची साल. त्यांचं गाव कळस, इंदापूर तालुक्यातलं. तिथं फुटक्या डाळिंबांचे ढीग बांधावर सडत पडलेले असतात, आणि पोराचं पोट बिघडलं किंवा खोकला झाला की ती साल उगाळून द्यायची रीत घरोघरी आहे. ती साल वाळवून, दळून, तिचा अर्क काढून त्यांनी पेशी पसरलेल्या प्रयोगाच्या चपट्या ताटलीत घातला आणि वरून ते रसायन घातलं. नुसत्या रसायनानं पेशी पटापट मरत होत्या. अर्क असला की बऱ्याचशा जगत होत्या.

ही बातमी स्टाफरूममध्ये सांगताना त्या शेवटी म्हणाल्या होत्या, "ताटलीत, बरं का." पुढं हे त्यांचं पालुपदच झालं. कुणीही काहीही म्हणो, त्या शेवटी "ताटलीत" जोडायच्या. "मॅडम, म्हणजे साल गुणकारी आहे?" "ताटलीत." "त्वचेला चांगली?" "ताटलीतल्या पेशींना. त्वचेचं मला माहीत नाही." पोरांनी त्यांचं नाव ताटली मॅडम पाडलं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. वर्गात कुणी कुजबुजलं तर म्हणायच्या, "ताटलीला ऐकू येतं."

स्वभावानं तशा त्या कुणाच्याच नव्हत्या, हीच खरी अडचण होती. एखादी सहकारी कौतुकानं म्हणाली, "मी हल्ली काही केमिकलचं वापरतच नाही, सगळं नैसर्गिक," की मॅडम म्हणायच्या, "पाणी केमिकलच आहे. आणि धोतरा नैसर्गिक आहे. खाऊन बघता का?" ती बाई आठवडाभर बोलायची नाही. उलट कंपनीचा कुणी माणूस येऊन आमची उत्पादनं संपूर्ण सुरक्षित आहेत असं सांगू लागला, की त्यालाही त्या सोडत नसत. मात्रा किती, किती दिवस लावून बघितलं, कुणाच्या त्वचेवर बघितलं, असं विचारून त्या माणसाला चहासुद्धा गोड लागू द्यायच्या नाहीत. प्रिझर्व्हेटिव्ह वाईट म्हणणाऱ्यांना त्या सांगायच्या, की ते काढून टाका आणि मग डोळ्यात बुरशीचं क्रीम जाऊ द्या, मजा बघा. दोन्हीकडच्या लोकांना वाटायचं, ही बाई पलीकडची आहे. मी त्यांना म्हणायचो, "मॅडम, कधीतरी नुसतं हो म्हणा. जग सुखी होईल." त्या म्हणायच्या, "हो असलं की म्हणेन."

पेपरवाल्याची गोष्ट आठवली की मला अजून डोकं आपटावंसं वाटतं. एका स्थानिक पेपरच्या वार्ताहरानं त्यांची मुलाखत घेतली. मॅडमनी त्याला बसवून, चहा देऊन, कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी मथळा आला: डाळिंबाच्या सालीने त्वचारोग बरे. खाली मॅडमचा फोटो, आणि त्यात त्यांच्या हातात साल नव्हती, पिकलेलं डाळिंब होतं. त्या तडक त्या वार्ताहराच्या ऑफिसात गेल्या. मी सोबत होतो, कारण त्यांचा राग बघून मला वाटलं, कुणीतरी सोबत असावं. तो पोरगा बिचारा घाबरला. म्हणाला, "मॅडम, उद्या दुरुस्ती छापतो." आणि छापली. मथळा होता: त्वचारोगावर डाळिंबाची साल, मात्र अजून संशोधन सुरू. मॅडमनी तो पेपर वाचून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "आता मी तिसऱ्यांदा गेले तर हा कॅन्सर बरा करेल." त्यानंतर पुढचे कित्येक दिवस कॉलेजच्या गेटवर लोक यायचे. कुणाला गजकर्ण, कुणाला कोड, एक आजोबा तर थेट पळसदेवहून नातीला घेऊन आले होते. मॅडम प्रत्येकाला बाकावर बसवून सांगायच्या, की माझ्याकडे औषध नाही, दवाखान्यात जा. आजोबा जाताना मला म्हणाले, "सायेब, बाई द्यायची न्हाय वाटतं. काय लागतंय का वरनं?" मला त्या वार्ताहराचा गळा धरावासा वाटला.

खरी गोष्ट सुरू झाली ती कळसच्या विहारातून. वैशाख पौर्णिमेला वंदना झाल्यावर गावातल्या बायकांनी मॅडमना बोलायला उभं केलं. स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांसमोर त्या जरा मोकळ्या बोलल्या असणार. त्यांची धाकटी भावजय शोभा तिथल्या बचत गटाची पुढारी. पापड, शेवया, मसाला सगळं करून झालं होतं आणि नवीन काहीतरी हवं होतं. तिनं ऐकलं ते एवढंच: क्रीममधलं रसायन पेशी मारतं, डाळिंबाची साल पेशी वाचवते. मग शोभानं स्वतःच्या डोक्यानं विचार केला, आणि तो विचार चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. विष आहे तिथं उतारा घालावा. बारामतीच्या बाजारात पार्लरवाल्यांसाठी मोठ्या डब्यात बिनवासाचं साधं क्रीम मिळतं. ते आणून त्यात बायकांनी वाळवलेल्या सालीची वस्त्रगाळ पूड आणि काढा घोटून घातला. छोट्या डब्या भरल्या. वर डाळिंबाचं फूल छापलेलं लेबल. तालुक्याच्या बचत गट प्रदर्शनात क्रीम हातोहात खपलं.

मॅडमना कळलं ते प्रदर्शनानंतर, आणि त्यांनी शोभाला फोनवर जे काय सुनावलं ते जिन्याखालून स्टाफरूमपर्यंत ऐकू आलं. पण आमच्या प्राचार्यांना मात्र ही गोष्ट फार आवडली. संशोधन कॉलेजचं, उत्पादन ग्रामीण महिलांचं. याहून चांगलं काय हवं? मॅडमच्या प्रकल्पाला मुदतवाढ हवी होती आणि आमच्या शिक्षणसंस्थेचं पथक पाहणीला येणार होतं. साहेबांनी ठरवूनच टाकलं, की मोठ्या कार्यक्रमात क्रीमचं लोकार्पण करायचं. मॅडम म्हणाल्या, "साहेब, हे ताटलीतलं आहे." साहेब म्हणाले, "मॅडम, आता ताटलीतनं वाटीत येऊ द्या."

लोकार्पणाच्या आधी काही आठवडे शोभा कॉलेजात आली. हातात कापडी पिशवी, चेहरा उतरलेला. मी तेव्हा मॅडमच्या दाराशी माझे हात हुंगवून घेत होतो. शोभानं पिशवीतनं डब्या काढून पायरीवर मांडल्या आणि एकेकीचं झाकण उघडलं. आत हिरवट काळी बुरशी, काहींवर तर पांढरी लव उगवलेली.

"बगा वन्सं," ती म्हणाली. "निम्म्या डब्या माघारी आल्यात. भिगवणची एक बाई म्हनली, तुमचं क्रीम हाय का वाळलेली भाकरी. आमी काय घाण हातानं केलं न्हाय. हात धुऊन, डोकी बांधून केलं. तुमीच म्हनला हुता, साल पेशी वाचवती."

"पण त्या डब्यातल्या क्रीमला कधी बुरशी येत नाही," मी म्हणालो. "पार्लरमध्ये महिनोन्महिने उघडं पडलेलं असतं."

"तेच तर म्हनती मी," शोभा म्हणाली. "इकतचं हाय तसं ऱ्हातंय, आमी हात लावला की नासतंय."

मॅडमनी एक डबी उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, टॅनिन फॉर्मॅल्डिहाइडला धरतं ना?"

"धरतं की," मी म्हणालो. "प्लायवूडचा एक गोंद त्यावरच करतात." डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. जिभेला जो तुरटपणा लागतो तो त्याचाच. माझ्या दृष्टीनं हे अकरावीच्या पोरालाही सांगता येण्यासारखं होतं आणि मी ते सहज बोलून गेलो. पण मॅडम तिथंच पायरीवर बसल्या. डब्यांच्या शेजारी. त्यांना असं जमिनीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बसल्या बसल्या म्हणाल्या, "ह्यांनी विष आणि उतारा एकाच डबीत घातला. उताऱ्यानं विषाला बांधून टाकलं. विष मेलं, मग बुरशीला कोण अडवणार?" मग शोभाकडे न बघता म्हणाल्या, "आणि बायकांनी केलं तेच मी केलंय, सर. मीही दोन्ही एकाच ताटलीत घातलं."

शोभाला हे कळलं नाही. मला कळलं आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं सगळे रविवार घालून त्यांना जे दिसलं होतं, त्याचा अर्थ कदाचित एवढाच होता, की सालीनं पेशीला काही दिलंच नव्हतं. तिनं नुसतं बाहेरच्या बाहेर रसायनाचे हात बांधले होते. पेशी वाचल्या, कारण त्यांच्यापर्यंत मारणारा पोचलाच नाही. असं असेल तर साल पेशीचं रक्षण करते हे खरं नव्हतं. आणि असलंच, तर ते आता नव्यानं सिद्ध करावं लागणार होतं.

करायचं कसं हे त्यांना लगेच सुचलं होतं. पेशींना आधी नुसता अर्क द्यायचा. मग तो पूर्ण धुऊन काढायचा, ताटलीत सालीचा कणही ठेवायचा नाही. आणि मग रसायन घालायचं. तरीही पेशी जगल्या, तर सालीनं त्यांना आतून काहीतरी दिलं. मेल्या, तर नाही. इतकं साधं. मला आजही कळत नाही, की हे करू नये असं कुणाला का वाटावं. पण सगळ्यांनाच वाटलं. प्राचार्य म्हणाले, लोकार्पण होऊ द्या, मग करा. प्रकल्पातला एक सहकारी म्हणाला, शोधनिबंध छापून झालाय, आता उकरून काय मिळवायचं. शोभा म्हणाली, क्रीममध्ये आमी दुसरं कायतरी टिकवायचं घालतो, तुमी फक्त कार्यक्रमात चांगलं बोला. सगळे आपापल्या जागी शहाणे होते. याचाच मला संताप येतो.

मॅडमनी प्रयोग केला. त्या दिवसांत बारामतीत वीज वाटेल तेव्हा जायची. एकदा पेशी ऐन धुण्याच्या वेळी लाईट गेली, इन्व्हर्टरनं दगा दिला, आणि सगळ्या ताटल्या वाया गेल्या. पुन्हा सुरुवात. दुसऱ्यांदा कुणीतरी साफसफाईच्या नावाखाली खोलीत सुगंधी फिनेल टाकलं. मॅडम दारात उभ्या राहून त्या वासाकडे बघत होत्या, असंच मला वाटलं. रागावल्या नाहीत. चार दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या आणि पुन्हा पेशी वाढवल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. मी म्हणालो, "मॅडम, झोपा जरा." त्या म्हणाल्या, "झोप ताटलीत घालून बघते." एवढ्यातही त्या थट्टा करायच्या, आणि मला त्यांची थट्टा नको असायची.

निकाल आला तो लोकार्पणाच्या आदल्या आठवड्यात. धुऊन घेतलेल्या ताटल्यांमध्ये बहुतेक पेशी मेल्या. बहुतेक, पण सगळ्या नाही. अर्क न दिलेल्या ताटलीपेक्षा थोड्या जास्त जगल्या होत्या. तो फरक खरा होता की नुसता योगायोग, हे सांगायला अजून प्रयोग हवे होते. सूक्ष्मदर्शकातून मी पाहिलं तेव्हा मला काहीच वेगळं दिसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "कडेला बघा. त्या बघा, चिकटून बसल्यात." त्यांच्या आवाजात आनंद होता आणि त्या आनंदाचीच मला चीड आली, कारण त्या मूठभर पेशींसाठी ही बाई सगळं पणाला लावणार हे मला दिसत होतं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. कळसच्या बायका एकसारख्या डाळिंबी साड्या नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. शोभा मध्ये. मंचावर नव्या डब्यांचा मनोरा, आत दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं क्रीम. पाहुण्यांची भाषणं झाली. मग मॅडम उभ्या राहिल्या. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "डाळिंबाची साल त्वचेच्या पेशी वाचवते असं मी म्हणाले होते. ते मी चुकीचं समजले होते. साल बहुतांशी त्या रसायनाला बांधून ठेवत होती. पेशीला तिनं स्वतः काही दिलं का, तर दिलं असेल, थोडंसं. ते खरं आहे की नाही हे मला आज माहीत नाही. म्हणून या डबीवर माझं किंवा माझ्या कामाचं नाव असू नये." आणि खाली बसल्या.

निवेदक बाईंना काय करावं कळेना. त्यांनी "जोरदार टाळ्या" असं म्हटलं, आणि दोन-तीन जणांनी वाजवल्याही. प्राचार्य कार्यक्रमानंतर मॅडमना एवढंच म्हणाले, "एवढं खरं बोलायची काय गरज होती? कुणी विचारलं होतं?" शोभानं तेवढंही विचारलं नाही. ती बायकांना घेऊन जीपमध्ये बसली आणि निघून गेली. पुढं वर्षभर ती मॅडमशी बोलली नाही. गटाचं क्रीम बंद पडलं. बायका पुन्हा शेवयांवर आल्या. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही, मॅडमची बदली संस्थेच्या इंदापूरकडच्या शाखेत झाली, जिथं प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक माणसाचा सांगाडा. आणि जिन्याखालच्या खोलीत काय सुरू झालं म्हणता? ब्यूटी पार्लरचा कौशल्य विकास अभ्यासक्रम. मी हे रचून सांगत नाही. तिथून जाताना आता इतका सुगंध येतो की मी पलीकडच्या जिन्यानं जातो.

खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा प्रश्न उरला पेशींचा. पेशी उबेत ठेवणारं यंत्र संस्थेचं, त्याला लागणारा गॅस संस्थेचा, पण पेशी मॅडमनी वाढवलेल्या. त्या कडेला चिकटून राहिलेल्यांच्याच वंशातल्या. अशा पेशी जिवंत ठेवायच्या तर गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, आणि द्रव नायट्रोजन कॉलेजात कुठला? मॅडमनी तो शोधला कळसमध्ये. आपल्याकडे गाई भरवणारे जे लोक असतात, मोटरसायकलवर कॅन बांधून गोठ्यागोठ्यात फिरतात, त्यांच्याकडे वळूचं वीर्य याच नायट्रोजनमध्ये ठेवलेलं असतं. कळसच्या दूध संकलन केंद्राला लागून बंडगर नावाच्या माणसाची खोली आहे. डॉक्टर नाही, पण सगळं गाव त्याला डॉक्टरच म्हणतं. त्याच्याकडं फिरतीचा छोटा कॅन आणि खोलीत ठेवलेला मोठा. मॅडमनी आपल्या इवल्या कुप्या त्या मोठ्या कॅनमध्ये, जर्सी आणि होल्स्टिन वळूंच्या शेजारी सोडल्या. बंडगर म्हणाला, "ठेवा की मॅडम. हितं कोण कुणाची जात इचारतंय." त्याच्या या बोलण्यावर मॅडम खूप हसल्या, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. मला हसू आलं नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत जागा मिळावी म्हणून त्यांनी विनंती केली होती. तिथून हो नाही की नाही नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. एका लग्नाला इंदापूरला गेलो होतो, येताना वाट वाकडी करून कळसला गेलो. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, दूध केंद्रावर या, तिथंच आहे. सकाळची वेळ. किटल्या घेऊन आलेली माणसं पांगत होती. बंडगरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत मॅडम त्या मोठ्या कॅनपाशी उभ्या होत्या. मला बघून त्यांचा हात सवयीनं पुढं आला, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या नुसत्या हसल्या. केस पिकले होते. मी विचारलं, "पुण्याचं काय?"

"यंदा जागा नाही म्हणाले. पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

"मग हे कशाला सांभाळताय मॅडम?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "नायट्रोजनची गाडी वेळेवर येत नाही. एकदा चुकली की संपलं. ज्यांच्यासाठी केलं त्यांनी तोंड फिरवलं, संस्थेनं तुम्हाला कपाटात बसवलं. सोडून द्या आता."

त्या काही म्हणायच्या आत मागून शोभा आत आली. रिकामी किटली दारात ठेवली. माझ्याकडे बघून मान हलवली, मॅडमकडे बघितलंच नाही. कोपऱ्यातली लाकडी पट्टी उचलली, कॅनचं झाकण काढून ती आत सोडली. धूर वर आला. थोडा वेळ थांबून पट्टी बाहेर काढली आणि हवेत दोन-चारदा हलवली. तळाशी पांढरं दव धरलं. जिथवर दव, तिथवर नायट्रोजन. शोभानं तिथं बोटं लावून मोजलं.

"चार बोटं हाय," ती म्हणाली. "गाडी आली न्हाय तर बुधवारी मी फोन करती डाक्टरला."

मी मॅडमकडे बघितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रोज दूध घालायला येते ना, तेव्हा बघून जाते. मी सांगितलं नव्हतं."

शोभा ऐकत होती. तिनं पट्टी पदराला पुसली. मग वर्षभराचा अबोला असल्यासारखं काहीच न दाखवता, सरळ मॅडमकडे बघून तिनं विचारलं, "वन्सं, एक सांगा. ती साल पेशीला वाचवती का न्हाय? व्हय का न्हाय, येवढंच."

मला वाटलं, आता तरी ही बाई हो म्हणेल. बाहेर कुणी नव्हतं. पेपरवाला नव्हता, प्राचार्य नव्हते. एक हो म्हटलं असतं तर त्या दोघींमधलं सगळं तिथंच मिटलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, म्हणा, मॅडम, एकदाच म्हणा.

"माहीत नाही, शोभा," मॅडम म्हणाल्या. "अजून माहीत नाही."

शोभानं झाकण कॅनवर ठेवलं, हातानं दाबून नीट बसवलं, आणि किटली उचलली.

"मग ऱ्हाऊ द्या त्यास्नी," ती म्हणाली. "कळंस्तवर ऱ्हाऊ द्या."